हंबकर पिकअपची शिट्टी: कव्हर काढण्याआधी काय तपासायचं, आणि काढायचंच तर कसं

लक्षणं

अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा नॉब) वाढवला की गिटारमधून बारीक, एकसुरी शिट्टी सुरू होते. सगळ्या तारा तळहाताने दाबून धरल्या तरी ती थांबत नाही. पिकअपच्या कव्हरवर नखाने टिचकी मारली तर स्पीकरमधून 'टक' असा ठसठशीत आवाज येतो. कव्हरशी तोंड नेऊन बोललं तर शब्दही ऐकू येतात. क्लीन आवाजात वाजवताना मात्र सगळं व्यवस्थित असतं, त्यामुळे गिटार घेताना हे कळत नाही आणि बँडबरोबर पहिल्यांदा मोठ्या आवाजात वाजवताना कळतं.

दुसरा प्रकार वेगळा आहे. शिट्टी नाही, पण कव्हरला बोट लागलं की घूं वाढते, किंवा कव्हर किंचित दाबलं की चरचर होते.

हे दोन बिघाड लोक एकच समजतात आणि दोन्हींवर एकच उपाय शोधतात: कव्हर काढून टाकणं. माझ्याकडे 'कव्हर काढून द्या' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गिटारी कव्हर न काढताच परत जातात. म्हणून आधी तपासण्या, मग हत्यारं.

शिट्टी येते कुठून

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्या क्षेत्रात ठेवलेली तारेची गुंडाळी. हंबकरमध्ये अशा दोन गुंडाळ्या असतात आणि त्या मिळून घूं रद्द करतात. गिटारची तार हलली की क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. पण हलणारी गोष्ट गिटारची तारच असायला हवी असं पिकअपला काही कळत नाही. कव्हर हा पातळ पत्रा आहे. त्याच्या आणि गुंडाळीच्या मध्ये पोकळी राहिली तर स्पीकरच्या आवाजाने तो ढोलकीच्या पानासारखा थरथरतो. ती थरथर गुंडाळीत उतरते, अ‍ॅम्पमधून मोठी होऊन बाहेर पडते आणि पत्र्याला आणखी थरथरवते. हे चक्र एकदा लागलं की शिट्टी. गुंडाळीचे वेढे सैल असतील तर कव्हर नसतानाही हेच घडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही पोकळी भरण्यासाठी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी बनवलेल्या मूळ हंबकरमध्ये असं मेण भरलेलं नसायचं. त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा, १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला. त्या काळचे अ‍ॅम्प आजच्याइतका गेन देत नव्हते, त्यामुळे चालून गेलं. आज त्याच धर्तीवर 'विंटेज' म्हणून विकले जाणारे काही पिकअप मुद्दामच मेणाशिवाय बनवतात. असा पिकअप जास्त गेनवर शिट्टी मारत असेल तर तो बिघाड नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडे

सगळ्यात आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी तरीही चालू असेल तर पिकअप निर्दोष आहे. मग केबल, पेडल, अ‍ॅम्प या क्रमाने एकेक वस्तू वगळत जा. अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर व्हॉल्व्हसुद्धा मायक्रोफोनिक होतात, म्हणजे थरथर पकडून तिचा आवाज करतात, आणि त्यांची शिट्टी हुबेहूब अशीच असते. पण अ‍ॅम्पची पेटी स्वतः उघडू नका. आतले कपॅसिटर बंद केल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतात. ते काम जाणकाराचं.

मग तारा दाबून बघा. तारा दाबल्यावर आवाज थांबला तर तो तारांचा फीडबॅक होता, पिकअपचा नव्हे. स्पीकरकडे तोंड करून उभे असाल तर जागा बदला, गेन थोडा कमी करा. जास्त गेनला थोडा फीडबॅक येणारच. काहीजण तर तो मुद्दाम आणतात.

सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) फिरवून कुठला पिकअप शिट्टी मारतो ते शोधा. बहुधा ब्रिजजवळचाच (तारा अंगावर टेकतात त्या बाजूचा) निघतो, कारण गेन वाढवून वाजवताना तोच जास्त वापरला जातो. दोन्ही मारत असतील तर दोन्हींत एकाच वेळी बिघाड होणं दुर्मीळ. खोलीचा आकार, आवाजाची पातळी आणि उभं राहायची जागा पुन्हा तपासा.

यानंतरची तपासणी लोक सर्रास टाळतात आणि नेमका तिथेच प्रश्न सुटतो. शिट्टी चालू असताना पिकअपच्या कडा दोन बोटांनी गिटारच्या अंगाकडे हलकेच दाबा. शिट्टी थांबली? मग बहुतेक दोष पिकअपच्या बैठकीचा आहे. पिकअप दोन स्क्रूंवर टांगलेला असतो, त्यांच्यावर स्प्रिंग असतात. स्प्रिंग ढिल्या पडल्या की अख्खा पिकअप डोलतो आणि स्प्रिंग स्वतःही वाजतात. पिकअपखाली घट्ट स्पंजचा तुकडा ठेवला किंवा स्प्रिंगच्या जागी रबरी नळीचे तुकडे घातले की काम झालं. पिकअपभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीचे चार स्क्रूही याच वेळी आवळून घ्या. उंची वाढवण्याच्या नादात पिकअप तारांच्या फार जवळ आणला असेल तर खाली घ्या.

आता दाबायचं ते कव्हरच्या मधोमध, अंगठ्याने. पिकअप न हलता फक्त कव्हर दबलं पाहिजे. यावर शिट्टी थांबली किंवा तिचा स्वर बदलला तर कव्हरच थरथरतंय. काहीच फरक पडला नाही तर गुंडाळी सैल असण्याची शक्यता जास्त, आणि मग कव्हर काढून शिट्टी जाणार नाही. टिचकीची चाचणी लाकडी पेन्सिलने करा. स्क्रू ड्रायव्हरने केली तर लोखंड चुंबकाजवळ गेल्यामुळे चांगल्या पिकअपमधूनही आवाज येतो आणि निदान चुकतं. कव्हरमधून डोकावणारे सहा स्क्रूही एकेक पाव फेरा फिरवून पाहा. एखादा सहज गरगरत असेल तर तोच वाजत असतो. त्याच्या आट्यांवर मेणाचा थेंब पुरतो.

घूं किंवा चरचर ही तक्रार असेल तर मल्टिमीटर काढा. ओहमच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून एक टोक कव्हरला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या बाजूला लावा. कव्हर अर्थला जोडलेलं असेल तर आकडा जवळपास शून्य येतो. काहीच येत नसेल किंवा दाबल्यावर आकडा उड्या मारत असेल तर कव्हर आणि तळपट्टी (पिकअपच्या तळाची धातूची पट्टी) यांच्यामधला सोल्डरचा सांधा तुटलाय. तो पुन्हा जोडायचा, एवढंच. कव्हर हे आवरण आहे, बाहेरची विजेची खरखर ते अर्थकडे नेतं. अर्थ सुटलेलं कव्हर ती खरखर उलट गुंडाळीच्या शेजारी आणून ठेवतं, म्हणून अशा कव्हरपेक्षा कव्हर नसलेलंही बरं.

कुठल्या पिकअपला हात लावायचा नाही

इथवर येऊन कव्हरच दोषी ठरलं असेल, तरी एकदा पिकअप उलटा करून खालची बाजू बघा. तळपट्टीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असा छोटा स्टिकर असेल आणि गिटार खरोखर जुनी असेल, तर थांबा. संग्राहक त्या सोल्डरचे मूळ डाग न छेडलेले आहेत का ते बघतात, आणि एकदा कापल्यावर ते परत येत नाहीत. पुढच्या काळातल्या स्टिकरवर पेटंट क्रमांक असतो, पण तो २,७३७,८४२ असतो. हा क्रमांक हंबकरचा नाही, लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची खालची टोकं धरणाऱ्या भागाच्या) पेटंटचा आहे. तेव्हा तो पाहून पिकअप नकली समजू नका. त्या पिकअपलाही हात लावू नका.

टेलिकास्टर गिटारच्या नेकजवळचा (मानेजवळचा) पिकअप हे दुसरं प्रकरण. त्याचं कव्हर दुमडलेल्या पाकळ्यांवर धरलेलं असतं आणि एका लहानशा तुकड्याने अर्थला जोडलेलं असतं. आत फारसं संरक्षण नसलेली, हंबकरपेक्षाही बारीक तारेची गुंडाळी असते. पाकळ्या उलगडताना हात घसरला की पिकअप गेला. लिपस्टिकच्या नळीसारखे दिसणारे पिकअपही उघडू नका. आणि एपॉक्सीत ओतून बंद केलेल्या पिकअपचं कव्हर काढताच येत नाही, ओढलं तर गुंडाळीही सोबत येते.

'कव्हर काढलं की आवाज मोकळा होतो' या कारणासाठी काढायचं असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या ब्लूज आणि रॉक वादकांनी कव्हरं काढली आणि ती रीत रूढ झाली. बदलाचं कारण खरं आहे: कव्हरच्या धातूत एडी करंट (धातूच्या आतच फिरणारे बारीक प्रवाह) तयार होतात आणि वरच्या कंपनसंख्या थोड्या दबतात. पण चांगली कव्हरं निकेल सिल्व्हरची असतात. नावात सिल्व्हर असलं तरी तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि त्याचा परिणाम अगदी थोडा असतो. पितळी कव्हर मात्र चांगला वाहक असल्यामुळे तीव्र स्वर जाणवण्याइतके खातं. तेवढ्यासाठी काढणं पटतं.

लागणारं सामान

४० ते ६० वॅटचं, चपट्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न. कमी वॅटचं 'सुरक्षित' वाटतं, पण कव्हर आणि तळपट्टी मिळून उष्णता शोषत राहतात. सोल्डर वितळेपर्यंत आयर्न धरून ठेवावं लागतं आणि तेवढ्या वेळात आतला प्लास्टिकचा बॉबिन (ज्यावर गुंडाळी असते तो साचा) मऊ होतो. गरम टोक आणि थोडा वेळ, हेच बरोबर. याशिवाय सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी किंवा सोल्डर सकर, हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा (धरायच्या बाजूला टेप गुंडाळून), मास्किंग टेप, मल्टिमीटर आणि हेअर ड्रायर. स्टील वूल त्या टेबलावरही नको. त्याचे तंतू चुंबकाला चिकटतात आणि गुंडाळीत शिरले की निघत नाहीत.

काढायची कृती

केबल काढा, तारा सैल करा, पिकअप चौकटीसकट बाहेर घ्या आणि वायरच्या जोडण्यांचा फोटो काढा. वायर पुरेशी लांब असेल तर ती आतून सोडवायची गरज नाही. गिटारवर जाड कापड पसरा, सोल्डरचा एक थेंब वार्निश जाळायला पुरतो.

आधी मोजमाप. पिकअपच्या दोन टोकांमधला रोध कागदावर लिहून ठेवा. जुन्या धर्तीच्या हंबकरमध्ये तो साधारण ७ ते ८ किलोओहम असतो, जास्त जोराच्या पिकअपमध्ये त्याहून बराच वर. वायर सोडवलेली नसेल तर केबल जॅकमध्ये घालून, सिलेक्टर त्या पिकअपवर आणि व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला मोजा. व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या ५०० किलोओहमच्या पॉटमुळे (बदलत्या रोधामुळे) आकडा थोडा कमी दिसेल, ८ चा ७.९ च्या आसपास. हरकत नाही. पुढे प्रत्येक वेळी तसंच मोजायचं.

कव्हर बहुतेक वेळा तळपट्टीच्या लांब बाजूंना एकेका डागाने जोडलेलं असतं. मी आधी कापतो आणि राहिलेलं गरम करून काढतो. सोल्डर इतकं मऊ असतं की ब्लेडच्या थोड्या खेपांत कापलं जातं, आणि कापताना आत उष्णता जात नाही. कापण्याआधी वायर बाहेर येते ती जागा आणि तळपट्टीवरची भोकं मास्किंग टेपने झाका, म्हणजे कीस आत जाणार नाही. पिकअप कव्हरवर उपडा ठेवा. कव्हर आणि तळपट्टी यांच्या फटीवर ब्लेड धरून सोल्डर कापा. खोली फक्त कव्हरच्या भिंतीइतकी, एखादा मिलिमीटर. त्यापलीकडे गुंडाळी आहे आणि तिची तार ०.०६ मिमीच्या आसपास जाड असते. हिला ब्लेडचं टोक नुसतं टेकलं तरी खेळ संपतो. आणखी एक: ब्लेड पोलादी आहे, चुंबक त्याला अनपेक्षितपणे खेचतो. दुसऱ्या हाताची बोटं ब्लेडच्या वाटेत ठेवू नका आणि ब्लेड घट्ट धरा.

उरलेल्या सोल्डरवर विणलेली पट्टी ठेवून वरून आयर्न टेका. एका वेळी चार-पाच सेकंद, त्याहून जास्त नाही. सोल्डर निघालं नाही तर थांबा, पिकअप हाताला गार लागेपर्यंत वाट बघा, मग पुन्हा. शिसं असलेलं सोल्डर १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं नसलेलं साधारण २१७ ते २२७ अंशांना. नव्या पिकअपवर दुसरं असू शकतं. ते हट्टी असेल तर त्यावर थोडं शिसेवालं सोल्डर मिसळा, वितळणं सोपं होतं. खिडकी उघडी ठेवा आणि काम संपल्यावर हात धुवा.

दोन्ही डाग सुटले की कव्हर आपोआप निघेल अशी आशा ठेवू नका. आत मेण असेल तर ते धरून बसतं. हेअर ड्रायरने कव्हरला वरून मंद ऊब द्या, फिरवत फिरवत. पॅराफिन मेण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान सुटतं, त्यामुळे भट्टीसारखं तापवायचं कारण नाही. मग तळपट्टीचे कान धरून कव्हर थोडं थोडं, आळीपाळीने दोन्ही टोकांकडून सरकवा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. वायर धरून ओढायचं तर अजिबातच नाही. सहा स्क्रूंची डोकी बहुतेक कव्हरांच्या भोकांतून जातात, पण एखादं अडलं तर ते खाली फिरवून घ्या.

कव्हर निघाल्यावर गुंडाळीभोवती काळी टेप दिसेल. ती कितीही जुनी आणि मेणकट असली तरी सोलू नका. तिच्याखालीच बारीक तारेचे जोड आहेत. टेप सुटून आली असेल तर तिच्यावरून नवी कापडी किंवा कागदी टेप हलक्या हाताने गुंडाळा.

मग पुन्हा मोजा, पण लगेच नको. तांब्याचा रोध दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्क्याने वाढतो. गुंडाळी १० अंशांनी गरम असेल तर ८ किलोओहमचा पिकअप ८.३ दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. पूर्ण गार झाल्यावर आकडा आधीसारखा आला पाहिजे.

कव्हर ठेवायचंच असेल, म्हणजे फक्त शिट्टी घालवायची असेल, तर त्याच्या आतल्या पृष्ठभागावर पातळ दुहेरी टेप किंवा मेणाचा थर द्या, पुन्हा घट्ट बसवा आणि दोन्ही बाजूंना सोल्डर करा. पोकळी गेली की शिट्टीचं कारण गेलं. दिसणंही मूळचंच राहतं. मला हाच मार्ग जास्त आवडतो.

कुठे थांबायचं

सोल्डर सुटलेलं दिसतंय आणि तरीही हलक्या ओढीने कव्हर हलत नाही, तर आत मेण नसून गोंद किंवा एपॉक्सी आहे. आणखी जोर लावू नका, पिकअप वाइंडरकडे (गुंडाळ्या भरून देणाऱ्या कारागिराकडे) न्या.

नंतरच्या मोजणीत आकडा निम्मा आला तर आधी गिटारमधला कॉइल स्प्लिटचा (एक गुंडाळी बंद करणारा) स्विच तपासा, ओढलेला राहिला असेल. तो नसेल तर एक गुंडाळी कुठेतरी टेकून शॉर्ट झाली आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. बाहेरच्या जाड वायरचा सांधा सुटला असेल तर तो जोडता येतो, पण आतली तार शोधायला जाऊ नका. शोधताना आणखी वेढे तुटतात आणि दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट नव्याने गुंडाळावी लागते.

कव्हर काढल्यावरही शिट्टी तशीच राहिली, तर सुरुवातीला सांगितलेली सैल गुंडाळी हेच कारण. त्यावर उपाय मेणात बुडवण्याचा. तो घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मेणाचं तापमान साधारण ६५ अंशांवर धरून ठेवावं लागतं, वर गेलं की बॉबिन वाकडे होतात, आणि थेट आगीवर तापवलेलं मेण पेट घेतं. वाइंडरकडे देताना कागदावर लिहिलेले दोन्ही आकडे आणि 'कव्हर दाबल्यावर शिट्टी बदलत होती की नाही' एवढं सांगा. त्याचं अर्धं निदान तिथेच होतं.

पिकअप परत बसवताना चौकटीत पूर्वीपेक्षा थोडी फट दिसेल, कारण चौकट कव्हरच्या मापाची असते. तो दोष नाही. आवरण गेल्यामुळे ट्यूबलाइट किंवा चार्जरजवळ खरखर किंचित वाढेल, तोही दोष नाही. दोन गुंडाळ्या घूं रद्द करतात ते काम चालूच राहतं. उंची मात्र नव्याने लावा, आणि नखं लांब असतील किंवा पिक जोरात मारायची सवय असेल तर वाजवताना उघड्या गुंडाळीच्या कडांना घासत नाहीत ना, ते पाहा.